तमाम लोकांस कळविण्यात येते की...

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शिंद्यांची गादी उभी राहते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले लष्कर, डोंगरावरचा भक्कम किल्ला, तानसेनाची समाधी आणि ग्वाल्हेर घराण्याची गायकी! या विषयांवर लिहिण्यास कला शाखेचे मित्र समर्थ आहेत. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला ग्वाल्हेर भेटले ते एका कंपनीच्या नावात. आणि त्या नावाचा धागा धरून मी एक विचार वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या दहा दिवसांनी, २५ ऑगस्ट १९४७ रोजी, ग्वाल्हेर येथे ‘ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी स्थापन झाली. बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी त्या शहरात आधीपासूनच होती. नव्या कंपनीने प्रथम कृत्रिम रेशमाचे कापड विणले, १९५४ मध्ये नागद्याला कृत्रिम तंतूचे उत्पादन सुरू केले, १९८० नंतरच्या दशकात ती सिमेंटच्या धंद्यात उतरली आणि १९८६ मध्ये लांबलचक नाव टाकून तिने आद्याक्षरांचे ‘ग्रासिम’ हे सुटसुटीत नाव घेतले. आज देशातली सर्वांत मोठी सिमेंट कंपनी, अल्ट्राटेक, ही या ग्रासिमचीच उपकंपनी आहे. बिर्लानगरातली ती जुनी गिरणी केव्हाच बंद पडली. ग्वाल्हेर शहर मात्र कंपनीच्या नावाच्या पहिल्या अक्षरात शिल्लक राहिले आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. गोष्ट २०२४ सालची. जून महिन्यात अल्ट्राटेकने चेन्नईच्या इंडिया सिमेंट्स या कंपनीचे सुमारे २३ टक्के शेअर विकत घेतले. महिनाभरातच, २८ जुलैला, प्रवर्तकांकडचे आणखी ३२.७२ टक्के शेअर प्रत्येकी ३९० रुपयांना, म्हणजे एकूण सुमारे ३,९५४ कोटी रुपयांना घेण्याचे तिने जाहीर केले. त्याबरोबर सेबीच्या नियमानुसार तिला उरलेल्या भागधारकांपुढे खुला देकार ठेवावा लागला: कंपनीच्या २६ टक्क्यांपर्यंतचे शेअर, त्याच ३९० रुपयांना, रोखीने. सगळ्यांनी विकायचे ठरवले असते, तर केवळ या देकारापोटी ३,१४२ कोटी रुपये मोजावे लागले असते.

खुल्या देकारामागचे तत्त्व साधे आहे. कंपनीचा मालक बदलतो आहे. मोठ्या प्रवर्तकाला चांगला भाव मिळाला आणि शंभर शेअर बाळगणारा निवृत्त शिक्षक मात्र नव्या मालकाच्या हाती सापडला, असे होऊ नये. म्हणून २०११ च्या नियमांप्रमाणे जो कोणी एखाद्या नोंदणीकृत कंपनीचे २५ टक्के वा अधिक मतदानहक्क मिळवू पाहील, त्याने इतरांनाही बाहेर पडण्याची वाट दिली पाहिजे. विकायचे की ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

म्हणजे विकणारा राजी, घेणारा राजी, छोटा भागधारकही राजी. ‘मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काजी?’ असे कोणी विचारील. पण या लग्नात एक माणूस असा आहे, की ज्याला मांडवात कोणी बोलावलेलेच नाही. तो म्हणजे सिमेंटची पोती विकत घेणारा! दोन दुकानदार एक झाले, तर भाव ठरवताना गिऱ्हाइकाला ‘पलीकडच्या दुकानात जातो’ म्हणण्याची सोय उरत नाही. हे नुकसान शेअरच्या ३९० रुपयांत कुठेच मोजलेले नसते. त्याचा विचार करण्यासाठी कायद्याने एक काजी नेमला आहे. त्याचे नाव भारतीय स्पर्धा आयोग.

स्पर्धा कायदा २००२ सालचा. त्यातली विलीनीकरणे आणि ताबा घेण्याचे व्यवहार यांविषयीची कलमे १ जून २०११ पासून अमलात आली. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा व्यवहार करणाऱ्याने तो पुरा करण्यापूर्वी आयोगाला सूचना द्यायची आणि मंजुरीची वाट पाहायची. साध्या प्रकरणाला छोटा नमुना. जेथे दोन्ही पक्ष एकाच मालात स्पर्धक आहेत आणि दोघांचा मिळून बाजारातला वाटा १५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे सहसा मोठा नमुना. सप्टेंबर २०२४ पासून छोट्या नमुन्याचे शुल्क ३० लाख आणि मोठ्याचे ९० लाख रुपये आहे. कोणता माल, कोणता बाजार, स्पर्धक किती, गिऱ्हाईक कोण, हे सारे त्यात मांडावे लागते. आयोगाने ३० दिवसांत प्रथमदर्शनी मत बनवायचे. प्रकरण पुढच्या चौकशीत गेले तरी एकूण १५० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा. न विचारता व्यवहार पुरा केला, तर उलाढाल, मालमत्ता किंवा व्यवहाराची किंमत यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या एक टक्क्यापर्यंत दंड.

रोखीच्या खुल्या देकारात मात्र एक पेच आहे. सेबीचे वेळापत्रक म्हणते, ‘लवकर करा, भागधारकाला ताटकळत ठेवू नका’. आयोगाचा कायदा म्हणतो, ‘थांबा, आधी तपासू द्या.’ २०२३ च्या दुरुस्तीने यावर तोड काढली. सूचना वेळेत दिली असेल, तर खुल्या देकारातले किंवा शेअर बाजारातून घ्यायचे शेअर मंजुरीआधीही घेता येतात. परंतु मंजुरी येईपर्यंत त्यांच्या जोरावर मत देऊन कंपनीचा कारभार हाकता येत नाही. म्हणजे साखरपुडा झाला तरी वरात निघायची नाही! ही तोड मला शहाणपणाची वाटते.

परदेशातही हाच पेच पडला होता. अमेरिकेच्या १९७६ च्या हार्ट-स्कॉट-रोडिनो कायद्याने सर्वसाधारण व्यवहाराला ३० दिवसांची थांबण्याची मुदत ठेवली, पण रोखीच्या देकाराला १५ दिवसांचीच. शिवाय घेणाऱ्याने सूचना दाखल करताच दिवस मोजायला सुरुवात होते. ज्या कंपनीवर देकार आला, तिला आपली कागदपत्रे दहा दिवसांत द्यावी लागतात. तसे नसते, तर नको असलेला देकार आलेल्या संचालकांनी कागदपत्रे दडपून ठेवून व्यवहार नुसता कुजवला असता. भागधारकाला लवकर पैसे आणि गिऱ्हाइकाला रक्षण, ही दोन्ही उद्दिष्टे एका वेळी सांभाळता येतात, हे यावरून दिसते.

हे सारे दिल्ली-मुंबईचे व्यवहार. त्यांचे आम्हां सीमाभागातल्या लोकांना काय, असे एखादा वाचक म्हणेल. सिमेंट हा जड आणि स्वस्त माल आहे. त्याचे पोते फार लांब नेले, तर गाडीभाडेच नफा खाऊन टाकते. म्हणून ‘भारताचा सिमेंट बाजार’ हा पुष्कळसा कागदावरचा बाजार होय. खरा बाजार असतो तो कारखान्याच्या भोवतालच्या जिल्ह्यांचा. कलबुर्गी जिल्ह्यातला सेडम तालुका घ्या. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, याच तालुक्यात आहे. कन्नड विभागाच्या वाचकांना ते सांगावयास नको. त्या मळखेडला अल्ट्राटेकचा राजश्री सिमेंट कारखाना आहे, तर सेडमला केसोराम कंपनीचा वासवदत्ता सिमेंट कारखाना होता. २०२३ च्या नोव्हेंबरात केसोरामचा सिमेंट व्यवसाय अल्ट्राटेककडे देण्याचे ठरले, २०२४ च्या मार्चमध्ये आयोगाने त्याला मान्यता दिली आणि २०२५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. एकाच तालुक्यातले दोन शेजारी कारखाने एका घरात गेले! इकडे मराठवाड्यात परळीचा सिमेंट दळण्याचा कारखाना इंडिया सिमेंट्सकडून ३१५ कोटी रुपयांना घेण्याचे अल्ट्राटेकने २०२४ च्या एप्रिलमध्येच जाहीर केले होते. मग जूनमध्ये शेअर आणि जुलैमध्ये संपूर्ण ताब्याचा करार.

या व्यवहारांमुळे भाव वाढले, असा आरोप मी करीत नाही. तसे म्हणण्यास पुरावा लागतो आणि तो तपासण्याचे काम आयोगाचे आहे. इंडिया सिमेंट्सच्या व्यवहाराला आयोगाने २० डिसेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि चार दिवसांनी ताबा बदलला. मोठी कंपनी म्हणजे वाईट कंपनी, असेही माझे म्हणणे नाही. अडचणीत आलेला कारखाना भक्कम हातात गेला, तर कामगारांची चूल पेटती राहते, हेही खरे आहे. माझा आग्रह एवढाच, की हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे आणि ज्यांच्यासाठी विचारायचा, त्यांना तो विचारला जात असल्याचे कळले पाहिजे.

‘आधी’ या शब्दावर मी जोर देतो, कारण ‘नंतर’चा अनुभव आपल्याकडे आहे. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात मोठ्या उद्योगसमूहांना विस्तार वा विलीनीकरण करण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागे. त्या परवानग्यांत फायली वर्षानुवर्षे रुतत, म्हणून १९९१ मध्ये ती कलमे काढून टाकण्यात आली. ते योग्यच झाले असेल. पण तिच्या जागी नवी तपासणी आली ती थेट २०११ मध्ये! मधली वीस वर्षे दार उघडेच होते. याच काळात, २००१ च्या नोव्हेंबरात, ग्रासिमने लार्सन अँड टुब्रोचे सुमारे १० टक्के शेअर रिलायन्सकडून प्रत्येकी ३०६.६० रुपयांना घेतले. पुढच्या वर्षी तिने इतर भागधारकांना खुला देकार दिला तो १९० रुपयांचा. त्यावर गदारोळ झाला. सेबीने चौकशीसाठी देकार रोखून धरला. अखेर २००३ मध्ये तडजोड होऊन लार्सनचा सिमेंट विभाग वेगळा काढण्याचे ठरले आणि २००४ मध्ये तो ग्रासिमच्या ताब्यात आला. आजची अल्ट्राटेक ती हीच. त्या दोन-अडीच वर्षांत भागधारकाच्या भावाची चर्चा देशभर झाली. मात्र दोन मोठ्या सिमेंट उत्पादकांची स्पर्धा संपल्यावर घर बांधणाऱ्याचे काय, हा प्रश्न व्यवहारापूर्वी एखाद्या आयोगापुढे ठेवण्याची सक्तीच कायद्यात नव्हती.

नंतर हिशेब चुकता करू म्हणावे, तर त्याचेही उदाहरण सिमेंटचेच आहे. संगनमताने भाव व पुरवठा ठरवल्याचा ठपका ठेवून आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश सुनावणीच्या पद्धतीतील दोषामुळे रद्द केला. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर तेथे अपिले दाखल झाली. आदेशापासून इथवर यायलाच सहा वर्षे गेली! तोवर त्या सिमेंटची घरे बांधून, रंगवून, कर्जाचे हप्तेही निम्मे फिटले असतील. दंड सरकारजमा होईलही. पण जास्त मोजलेला पैसा घर बांधणाऱ्याच्या हाती परत येईल काय? बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. विलीन झालेल्या कंपन्या वेगळ्या करणे तर वाटलेल्या डाळीतून दाणे वेचण्यासारखेच आहे. म्हणून आगाऊ सूचना ही मला कंपन्यांवरची कटकट वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या गोठ्याचा तो वेळेवर लावलेला झोपा आहे.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. घराबाहेर पडलो की कन्नड बोलतो. आमच्याकडे कोणी दोन गुंठे जमीन घ्यायची ठरवली, की वकील स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देतात: ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’ अमुक गटातील अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत. कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असेल, तर पंधरा दिवसांत लेखी कळवावे. ती भाषा रुक्ष असते खरी, पण पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ती समजते. त्यातून एखादी विसरलेली बहीण, एखादे जुने गहाणखत बाहेर येते आणि पुढचे कोर्टकज्जे टळतात.

दोन गुंठ्यांसाठी एवढे, तर हजारो कोटींच्या ताब्यासाठी काय? आयोगाकडे आलेल्या सूचनेचा गोपनीय भाग वगळून केलेला सारांश आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो, इंग्रजीत. प्रकरण पुढच्या टप्प्यात गेले, तर वृत्तपत्रांत तपशील छापून लोकांचे म्हणणे मागवण्याची तरतूद आहे; पण फारच थोडी प्रकरणे तेथवर जातात. म्हणजे सेडमचा गवंडी, परळीचा सिमेंट विक्रेता, आपल्या गावचा लहान ठेकेदार यांना आपल्या बाजाराविषयी निर्णय होत आहे हे कळण्याचा मार्ग जवळपास नाहीच. आणि बाजाराची खरी माहिती तर त्यांच्याकडेच आहे! पावसाळ्यापूर्वी कोणत्या कंपनीचे पोते किती रुपयांनी चढते, एका कंपनीने भाव वाढवला की दुसरी किती दिवसांत वाढवते, कोणता कारखाना आपल्या तालुक्यात माल पाठवत नाही, हे आयोगापुढच्या जाडजूड नमुन्यात कदाचित नसेल. विक्रेत्याच्या वहीत मात्र असते.

माझी सूचना अगदी साधी आहे. ज्या जिल्ह्यांत दोन्ही पक्षांचा माल विकला जातो, त्या जिल्ह्यांच्या भाषेत तो सारांश प्रसिद्ध करावा आणि स्थानिक दैनिकात एक लहानशी नोटीस द्यावी: अमुक कंपनी तमुक कंपनी घेत आहे, दोघांचा माल येथे विकला जातो, कोणास काही सांगावयाचे असल्यास दहा दिवसांत आयोगास कळवावे. खर्च घेणाऱ्या कंपनीने सोसावा. जो तीस लाख वा नव्वद लाख शुल्क भरतो, त्याला चार जाहिराती जड जाणार नाहीत.

यावर तीन आक्षेप येतील, असे मला दिसते. पहिला, विलंबाचा. पण मी एकही दिवस जास्त मागत नाही. आयोगाच्या तीस दिवसांतच हे दहा दिवस बसतात. दुसरा, गुप्ततेचा. तर जो सारांश इंग्रजीत जगजाहीर आहे, तो मराठीत वा कन्नडमध्ये आला म्हणून कोणते गुपित फुटते? तिसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला यातले काही कळत नाही आणि हरकतींच्या नावाखाली ज्याला-त्याला अडवणुकीची संधी मिळेल. अडवणुकीचे भय मी खोटे म्हणत नाही. पण आयोगावर प्रत्येक पत्र मान्य करण्याचे बंधन नाही, वाचण्याचे आहे. कळण्याबद्दल म्हणाल, तर ज्या समाजाला सातबारा, फेरफार आणि बोजा कळतो, त्याला ‘दोन कंपन्यांची एक झाली’ हे कळणार नाही, असे मानणे हा त्या समाजाचा अपमान आहे. न कळणारी गोष्ट भाषेत असते, विषयात नव्हे.

सरकार हे करील तेव्हा करो. तोवर आपल्या हातात काय आहे? आपल्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाचा एक विभाग मराठी आहे, दुसरा कन्नड. वाणिज्य शाखेत दरवर्षी प्रकल्प करावे लागतात आणि ते बहुतेक मागच्या वर्षीच्या वह्यांतून उतरतात, हे प्राध्यापक महोदयांना ठाऊक आहेच. त्याऐवजी आयोगाकडे आलेल्या आणि आपल्या दोन-तीन जिल्ह्यांशी संबंध असलेल्या सूचनांचे सारांश आम्ही विद्यार्थ्यांनी दोन्ही भाषांत उतरवावेत, गावातल्या पाच विक्रेत्यांचे पाच महिन्यांचे भाव टिपून त्यांच्यासोबत मांडावेत आणि ते पत्राने आयोगाकडे धाडावेत. गुण मिळतील ते मिळोत. कंपनी कायद्याची जी कलमे आम्ही परीक्षेपुरती पाठ करतो, ती निदान एकदा बाजारात चालताना दिसतील.

मी पहिला सारांश उतरवायला घेतला आहे. कन्नड बाजू सांभाळणारा एक सोबती हवा. वर्गातल्या कोणीही मध्यंतरात येऊन भेटावे.